वेबसाईटचे आडनाव

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी मुलांचा आहार, सणवार, घरखर्चातील काटकसर अशा विषयांवर बोलण्याचा आपला प्रघात आहे. आज अध्यक्षबाईंनी मला जो विषय नेमून दिला आहे, तो प्रथम ऐकताना परका वाटेल. पण थोड्या वेळाने आपल्या ध्यानात येईल की, हाही काटकसरीचा आणि सावधगिरीचाच विषय आहे.

आपल्या गृहोद्योग गटातील चौदा जणी गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि पापड करून विकतात हे आपणांस ठाऊक आहेच. आजवर ही विक्री ओळखीपाळखीने आणि फोनवरून होत असे. या वर्षी गटाने ठरविले की, आता आपली स्वतःची वेबसाईट काढावयाची, म्हणजे परगावच्या गिऱ्हाइकाला घरबसल्या मागणी नोंदविता येईल. नाव काय ठेवावयाचे हे एका बैठकीत ठरले. परंतु नावापुढे टिंब देऊन जे दोन-चार अक्षरांचे शेपूट लावतात, ते कोणते असावे यावर तीन बैठका झाल्या! एकीचा मुलगा म्हणाला, डॉट एआय लावा, सध्या त्याचीच चलती आहे. दुसरीची सून म्हणाली, आपले दुकान आहे तेव्हा डॉट शॉप शोभेल. खजिनदारबाई म्हणाल्या, सर्वांत स्वस्त असेल ते घ्या. आपल्यातील एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, सगळे इंग्रजीच कशाला, मराठीत नाही का मिळत? आणि उरलेल्या म्हणाल्या, सगळे जग डॉट कॉम लावते, मग आपण का नाही? शेवटी नीट चौकशी करून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. त्या चौकशीत जे समजले ते आज आपणांपुढे मांडते.

या शेपटाला डोमेन एक्स्टेन्शन असे म्हणतात. मी त्याला आडनाव म्हणते. आडनावाचे महत्त्व बायकांना कुणी समजावून सांगावयास नको. लग्नानंतर रेशनकार्डावर, बँकेच्या पासबुकावर, आधारकार्डावर ते बदलून घेताना किती हेलपाटे पडतात, ते आपण भोगले आहे. आपले आडनाव काही कुणी आपल्याला विचारून ठेवले नव्हते. वेबसाईटचे आडनाव मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. आणि एकदा लावल्यावर ते बदलणे तितकेच जिकिरीचे आहे. पाकिटावर छापलेले, पावतीवर आलेले, गिऱ्हाइकाच्या तोंडी बसलेले असे सगळेच बदलावे लागते. म्हणून पाकिटे छापखान्यात जाण्यापूर्वीच हा विचार झाला पाहिजे.

आता ही व्यवस्था चालते कशी ते थोडक्यात सांगते. इंटरनेटवरील संगणक एकमेकांना आकड्यांच्या पत्त्यांवरून ओळखतात. माणसांना आकडे ध्यानात ठेवणे अवघड, म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन शास्त्रज्ञांनी आकड्यांऐवजी नावे वापरण्याची पद्धत आखली. पोस्टात पाकिटावरचा पत्ता जसा शेवटाकडून पाहतात, आधी पिन कोड आणि गाव, मग पेठ, मग घर, तसेच हे यंत्र वेबसाईटचे नाव शेवटाकडून वाचते. आधी शेपूट पाहून कोणत्या दप्तरात शोधावयाचे ते ठरते, आणि मग त्या दप्तरात आपले नाव सापडते. म्हणजे शेपूट हे नुसते शोभेचे नाही. आपली नोंद कोणाच्या वहीत आहे, हे त्यावरून ठरते.

आरंभी अशी आडनावे अगदी मोजकी होती. व्यापारासाठी कॉम, संस्थांसाठी ऑर्ग, शिक्षणासाठी एज्यु, अमेरिकन सरकारसाठी गव्ह, त्यांच्या सैन्यासाठी मिल, अशी ती वाटणी होती. डॉट कॉमचे पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या अमेरिकन कंपनीने घेतले. आज डॉट कॉमच्या वहीत पंधरा कोटींहून अधिक नावे आहेत. त्याबरोबरच प्रत्येक देशाला दोन अक्षरांचे आडनाव मिळाले. आपल्या देशाचे ते डॉट इन. आणि २०१२ सालापासून नव्या आडनावांसाठी अर्ज मागविण्यात आले, तेव्हा शॉप, ऑनलाईन, स्टोअर अशी शेकड्यांनी आडनावे निघाली.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात धरावी. दोन अक्षरांचे आडनाव नेहमी कुठल्या ना कुठल्या देशाचे किंवा प्रदेशाचे असते, मग ते दिसावयास कितीही आधुनिक असो. डॉट एआय हे बुद्धिमान यंत्रांसाठी निघालेले नाव आहे असे आमच्या बैठकीत सर्वांना वाटत होते. ते आहे कॅरिबियन समुद्रातील अँग्विला नावाच्या बेटाचे. वस्ती जेमतेम पंधरा-सोळा हजारांची, पण नशीब पाहा! केवळ या दोन अक्षरांच्या नोंदणीतून त्या बेटाच्या सरकारला २०२३ साली सुमारे तीन कोटी वीस लाख डॉलर मिळाले, म्हणजे सरकारी उत्पन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्यांचे भले झाले याचा आनंदच आहे. परंतु हे नाव महाग, एकदम दोन वर्षांचे पैसे भरावे लागतात, आणि आपल्या मेतकुटाचा आणि त्या यंत्रांचा काही संबंध नाही. शेजारणीची पैठणी पाहून आपण कर्ज काढत नाही, त्यातलाच हा प्रकार.

नवउद्योग काढणाऱ्या तरुण मुलांचे असेच दुसरे आवडते आडनाव म्हणजे डॉट आयओ. ते हिंदी महासागरातील चागोस बेटांचे. तेथील मूळ रहिवाशांना १९६८ ते १९७३ या काळात ब्रिटिश सरकारने घरादारांतून काढून दुसरीकडे नेऊन सोडले. घराण्याचे नाव जगभर मिरवते आहे आणि घरची माणसे परागंदा, हे वाचून मन विषण्ण झाले. या बेटांचा ताबा मॉरिशसला देण्याच्या करारावर २२ मे २०२५ रोजी सह्या झाल्या, आणि डॉट आयओ वापरणारे लोक आपल्या नावाचे पुढे काय होणार म्हणून विचारात पडले आहेत.

ही भीती निष्कारण नाही. देश मोडला की त्याचे आडनावही काही काळाने पुसले जाते. युगोस्लाव्हियाचे डॉट वाययू हे आडनाव २०१० साली कायमचे बंद झाले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तेथील ज्या लोकांनी डॉट ईयू लावले होते, त्यांतल्या हजारोंची नावे २०२१ च्या आरंभी बंद पडली, कारण ते नाव वापरण्याचा त्यांचा हक्कच संपला. त्यांचे दुकान चालू होते, माल चांगला होता, गिऱ्हाईक होते. ज्या घराण्याचे नाव लावले, त्या घराण्याशी असलेले नाते तेवढे तुटले होते. तेव्हा दुसऱ्या देशाचे आडनाव लावण्यापूर्वी, तेथे काही उलथापालथ झाल्यास आपले काय होईल, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

आता खजिनदारबाईंचा प्रश्न. काही बेटांची आणि आफ्रिकेतील काही लहान देशांची आडनावे कित्येक वर्षे चक्क फुकट मिळत होती. फुकट म्हटल्यावर चांगल्यांबरोबर लबाडही आले, आणि फसवणुकीच्या साईटांसाठी ती बदनाम झाली. पुढे २०२३ साली गॅबॉन देशाने आपल्या आडनावाचा कारभार त्या फुकट वाटणाऱ्या कंपनीकडून काढून घेतला, तेव्हा लाखो नावे एकदम रद्द झाली. फुकटच्या ओसरीवर संसार मांडला की मालक कधी उठवील याचा नेम नसतो.

जी आडनावे फुकट नाहीत पण अगदी स्वस्त दिसतात, त्यांतही एक मेख आहे. पहिल्या वर्षाची किंमत शंभर-दीडशे रुपये अशी ठळक अक्षरांत असते. दुसऱ्या वर्षापासूनची बारीक अक्षरांत असते आणि ती कित्येक पटींनी अधिक असू शकते. साडीच्या सेलमध्ये आपण जशी आतली घडी उलगडून पाहतो, तशी येथे नूतनीकरणाची किंमत उलगडून पाहावी. कारण वेबसाईटचे नाव आपण विकत घेत नाही, ते भाड्याने घेतो. एका वेळी अधिकात अधिक दहा वर्षांचे भाडे भरता येते. भाडे चुकले की काही दिवस सवलत असते, नंतर जबर दंड, आणि त्यानंतर ते नाव कुणीही घ्यावे! मोठ्यांच्याही हातून हे घडते. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीचे पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे भाडे भरावयाचे राहून गेले आणि हॉटमेलच्या कित्येकांना आपली पत्रे उघडता येईनात. शेवटी एका परक्या प्रोग्रामरने पदरचे पस्तीस डॉलर भरले, तेव्हा ती अडचण निवारली.

डॉट शॉपचे काय? नाव सुटसुटीत आहे, आणि त्याच्या मागे काही वेडेवाकडे नाही. त्याची वही चालविण्याचा हक्क एका जपानी कंपनीने २०१६ साली लिलावात चार कोटी पंधरा लाख डॉलर देऊन घेतला, यावरून त्याचे मोल कळते. पण आपली अडचण निराळी. आपले गिऱ्हाईक नाव वाचून नव्हे, ऐकून येते. एक बहीण दुसरीला फोनवर सांगते, नणंद भावजयीला लग्नाच्या पंगतीत सांगते. ऐकणारी शॉप हा शब्द नावाचाच भाग समजते आणि सवयीने पुढे डॉट कॉम लावते. मग ती जाते भलत्याच दारी. म्हणून मी प्रत्येक आडनावाची एक परीक्षा घेतली. ते नाव सासूबाईंना फोनवर एकदाच सांगावयाचे आणि त्यांना लिहून घ्यावयास सांगावयाचे. डॉट को हे कोलंबियाचे आडनाव या परीक्षेत सपशेल नापास झाले. तीनही वेळा त्यांनी डॉट कॉम लिहिले.

एका अक्षराची चूक किती महाग पडते याचे एक उदाहरण २०२३ साली वर्तमानपत्रांत आले होते. अमेरिकन सैन्याचे आडनाव मिल; त्यातील मधले एक अक्षर गाळले की आफ्रिकेतील माली देशाचे आडनाव होते. त्या एका चुकीमुळे वर्षानुवर्षे सैन्याची लक्षावधी पत्रे मालीच्या पत्त्यावर जात होती! सैन्याची ही गत, तर आपल्या पापडाच्या मागणीचे काय?

यावरून मराठी आडनावाकडे येते, कारण हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. होय, मराठीत मिळते. देवनागरी लिपीतील डॉट भारत हे आडनाव २०१४ सालापासून उपलब्ध आहे. टिंबाच्या अलीकडचे आणि पलीकडचे, दोन्ही अक्षरे आपली. संगणक आतल्या आत त्याचे रोमन अक्षरांत रूपांतर करून घेतो, आपल्याला त्याची तोशीस पडत नाही. पण येथेही परीक्षा घ्यावी लागते. ‘गृहिणी’ हा साधा शब्द घ्या. कुणी पहिली वेलांटी देईल, कुणी दुसरी, कुणी ‘ग्रु’ लिहील. एक वेलांटी चुकली की साईट सापडत नाही. रोमन लिपीत लिहिले तरी सुटका नाही. त्याच शब्दात ‘गृ’साठी कुणी आय लिहितो, कुणी यू. म्हणून नावच असे घ्यावे की जे लिहिताना दोन मते पडणार नाहीत. शिवाय मराठी नावाचा ई-मेलचा पत्ता पुष्कळ ठिकाणी अजून स्वीकारला जात नाही. तेव्हा मराठी आडनावाचे दार अवश्य असावे, पण तेवढे एकच दार असून भागणार नाही.

राहिले डॉट कॉम आणि डॉट इन. डॉट कॉम सर्वांच्या तोंडी बसलेले आहे आणि परदेशातही ओळखीचे आहे. त्याचा दोष इतकाच की चांगली, लहान नावे केव्हाच संपली आहेत. मग लोक नावाला कुठे आकडा, कुठे आडवी रेघ जोडून वेळ मारून नेतात, आणि ती फोनवर सांगता सांगता नाकी नऊ येतात. डॉट इन २००५ सालापासून सर्वांना खुले झाले. त्याची वही ‘नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया’ ही आपल्या देशातील संस्था सांभाळते. उद्या कुणी आपल्या नावावर खोटा हक्क सांगितला, तर त्याचा निवाडाही येथल्याच नियमांनी होतो. डॉट इन पाहून गूगललाही कळते की हे दुकान भारतातील गिऱ्हाइकांसाठी आहे. नाव अजून मिळते, भाडे आवाक्यातले आहे, आणि सासूबाईंनी पहिल्या झटक्यात बरोबर लिहिले.

भगिनींनो, ज्यांना वेबसाईट काढावयाची नाही, त्यांच्याही उपयोगाची एक गोष्ट येथेच सांगून टाकते. रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या वेबसाईटचे नाव ‘डॉट बँक डॉट इन’ या आडनावावर नेण्यास सांगितले होते. हे आडनाव बँकांवाचून दुसऱ्या कुणाला मिळत नाही. तसेच ‘डॉट गव्ह डॉट इन’ हे सरकारी कचेऱ्यांवाचून दुसऱ्याला मिळत नाही. तेव्हा तुमचे खाते बंद होणार, वीज तोडणार असा निरोप आला आणि खाली एखादा पत्ता दिला असला, तर घाबरून बोट लावू नका. पत्ता शेवटाकडून वाचा. आरंभीची तिरक्या रेघांची जोडी सोडून, त्यापुढची पहिली तिरकी रेघ येण्यापूर्वीचे शेवटचे शब्द हे खरे आडनाव. मध्ये कुठे तरी बँक हा शब्द घालावयास लबाडाला काहीच कष्ट नाहीत. आडनाव मात्र त्याला चोरता येत नाही. आणि शंका असेल तर सरळ बँकेत जाऊन विचारावे. चार पावले चालल्याने काही बिघडत नाही.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. आडनाव कोणतेही घ्या, पण ते कुणाच्या नावावर नोंदले जात आहे ते डोळ्यांत तेल घालून पाहा. आमच्या ओळखीच्या एक बाई डबे पोचविण्याचा व्यवसाय करतात. त्यांच्या ओळखीतील एका मुलाने हौसेने वेबसाईट करून दिली आणि नाव स्वतःच्याच खात्यावर नोंदले. पुढे तो नोकरीसाठी दूर गेला, फोन बदलला, आणि भाडे भरण्याची सूचना त्याच्या ई-मेलवर पडून राहिली. नाव गेले. त्या बाईंना नवे नाव घेऊन डब्यांवरच्या सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा छापाव्या लागल्या. मुलाच्या मनात कपट नव्हते. पण घर आपले आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असा तो व्यवहार होता.

या सर्व चौकशीअंती गटाने जे ठरविले ते असे. मुख्य नाव डॉट इन, आणि पाकिटावर तेच छापावयाचे. तेच नाव डॉट कॉममध्येही सुदैवाने मोकळे होते, म्हणून तेही घेतले आहे. कुणी चुकून ते लिहिले तरी ती आपल्याच दारी येईल, आणि आपल्या नावावर दुसरा कुणी दुकान थाटणार नाही. डॉट भारतचे मराठी नाव पुढील वर्षी, नफा हाती आल्यावर घ्यावयाचे. दोन्ही नावांचे तीन वर्षांचे भाडे एकदम भरले आहे. नोंदणी गटाच्या नावे आहे, ई-मेल गटाचा आहे, आणि पासवर्ड अध्यक्षबाई व खजिनदारबाई या दोघींकडे बंद पाकिटात आहे. भाड्याची तारीख हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आहे, आणि वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर ती दर वर्षी वाचून दाखवावी असा ठराव झाला आहे.

आपल्या मंडळाची स्वतःची वेबसाईट निघेल तेव्हा तिला डॉट ऑर्ग शोभेल, कारण मंडळ ही संस्था आहे, दुकान नव्हे. तो विचार कार्यकारी मंडळाने अवश्य करावा.

चौदा जणींनी उन्हात पापड वाळवून आणि मसाल्याच्या खकाण्यात डोळे चुरचुरत असताना जमविलेला हा पैसा आहे. माल चांगला असला तर आडनाव कोणतेही चालते, असे काही जणी म्हणतील. माल चांगला हवाच. परंतु चांगल्या मालाला शोधत आलेले गिऱ्हाईक आपल्या दारी पोचले पाहिजे, आणि ते दार पाच वर्षांनीही आपलेच राहिले पाहिजे. एवढी काळजी आपण घेतली, तर बाकीचे गोड्या मसाल्याचा वास करीलच.